उतरवलेलं व्होल्टेज

"सर, आणखी किती व्होल्टेज देऊ म्हणजे हे नीट पळेल?"

केतकी धुमाळने विचारलं तेव्हा तिच्यासमोरचा स्क्रीन पुन्हा काळा झाला होता.

कराडच्या तंत्रनिकेतनात ओव्हरक्लॉकिंगची स्पर्धा रंगली होती. ग्राफिक्स कार्ड त्याच्या मूळ वेगाच्या पुढे पळवायचं, आणि त्या वेगात चाचणी शेवटपर्यंत तडीस न्यायची. कार्ड सगळ्यांना सारखंच. वर्गात पहिला नंबर कधी न सोडणाऱ्या केतकीच्या नावापुढे आज फळ्यावर भोपळा होता.

"माझं गणित बरोबर आहे. कार्डच भिकार आलंय माझ्या वाट्याला."

मुल्लाणी सर शेजारची खुर्ची ओढून बसले.

"क्रॅश झालं की तू काय करतेस?"

"व्होल्टेज वाढवते."

"मग?"

"मग परत क्रॅश होतं."

"मग?"

केतकीचा हात पुन्हा व्होल्टेजच्या आकड्याकडे गेला.

सरांनी संगणकाच्या कॅबिनेटच्या मागच्या जाळीकडे बोट दाखवलं. "हात धर तिथं."

तिने धरला, आणि चटका बसताच मागे घेतला.

"तू कार्डावर चिडलीस," सर म्हणाले. "त्यानं कुणावर चिडायचं?"

केतकी तळहात चोळत राहिली.

"व्होल्टेज उतरव."

"उतरवू? सर, पडेल की ते!"

"आता काय उभं आहे?"

तिला हसू आलं, रागही आला. तिने व्होल्टेज उतरवलं. स्क्रीन काळा. तिने सरांकडे पाहिलं, तर ते शांतपणे चष्म्याची काच पुसत होते.

या खेपेला मात्र तिने टेबलावर हात आपटला नाही. तापमानाचा आकडा नीट पाहिला. कार्ड तापलेलं नव्हतं, म्हणजे व्होल्टेजच जरा जास्त उतरवलं होतं. केसभर चढवलं, वेग होता तेवढाच ठेवला.

चाचणी पार पडली.

कार्डाच्या पंख्याची घरघर केव्हा मंदावली, तिला कळलंही नाही. कार्ड थंड होतं, म्हणून वेग आणखी सोसत होतं. तिने वेग थोडा वाढवला. पार. आणखी थोडा. तेही पार!

"शेवटची संधी," परीक्षकांनी पुकारा केला.

केतकीने श्वास रोखून बटण दाबलं. स्क्रीनवरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. आजूबाजूचे सगळे तिच्या खुर्चीमागे गोळा झाले. मध्येच चित्र थरथरलं... थांबलं... आणि पुढे चालू लागलं.

पट्टी टोकाला पोहोचली.

सगळं सभागृह दणाणलं. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी बाकं बडवली. फळ्यावरची सगळी नावं खाली सरकवून परीक्षकांनी केतकीचं नाव सगळ्यांत वर लिहिलं.

डोळे पुसत ती सरांपाशी धावली. "सर, जिंकले मी! आता हे कार्ड माझ्या हातून कध्धीच क्रॅश होणार नाही, बघा तुम्ही!"

मुल्लाणी सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अरेरे... म्हणजे याहून पुढे पळवणारच नाहीस? इतक्यातच थांबलीस?"