सिदाप्पाची थंडी

एका उघड्या माळावरच्या गावात सिदाप्पा नावाचा एक सणगर राहत होता. घोंगड्या विणणं हा त्याच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. सिदाप्पाच्या घोंगडीतून पावसाचा थेंब आत उतरत नाही, असं दहा गावांत बोललं जाई.

पुढे त्याची बायको वारली. मूलबाळ नव्हतं. सिदाप्पाने पारावर बसणं सोडलं, कुणाच्या घरी जाणं सोडलं. दाराला आतून कडी घालून तो एकटाच मागावर बसू लागला. आणि त्याच वर्षी त्याला थंडी भरली.

ताप नव्हता, खोकला नव्हता. नुसती थंडी. चैत्रात माळ तव्यासारखा तापे, गुरं सावली धरून उभी राहत. तेव्हाही सिदाप्पा घोंगडी पांघरून बसलेला असे आणि त्याचे दात वाजत असत.

गावचे वैद्य तात्याबुवा. त्यांनी सुंठ दिली, पिंपळी दिली, नाना काढे पाजले. शेवटी त्याचा हात खाली ठेवून ते म्हणाले, "सिदाप्पा, तुझी नाडी माझ्या नाडीपेक्षा चांगली आहे. ही थंडी येते कुठून, हे काही मला उमगत नाही."

मग सिदाप्पाने स्वतःच इलाज सुरू केला. कोकरांची पहिल्या कातरणीची मऊ लोकर निवडून त्याने स्वतःसाठी एक जाड घोंगडी विणली. थंडी गेली नाही. दुसरी विणली. तिसरी विणली. असं करता करता सात घोंगड्या झाल्या. शेजारीपाजारी कुणी मागायला आलं की तो आतूनच म्हणे, "माझंच भागत नाही."

यात खोटं काही नव्हतं. सात घोंगड्यांखाली तो खरोखरच कुडकुडत होता.

माघ महिना होता. गावाबाहेर माळावर मेंढपाळांचा एक तांडा उतरला होता. दुपार कलता कलता आभाळ एकाएकी काळंनिळं झालं. वारा सुटला, आणि लिंबाएवढ्या गारा पडू लागल्या. घराघरांवरची कौलं फुटली. कोंबड्या उभ्या जागी मेल्या.

तेवढ्यात सिदाप्पाचं दार कुणीतरी जोरजोराने वाजवलं. त्याने कडी काढली. दारात एक म्हातारी उभी होती. तिचं लुगडं भिजून अंगाला चिकटलं होतं. गार लागून कपाळ फुटलं होतं आणि रक्ताचा ओघळ भुवईपर्यंत आला होता.

"मी कोंडाक्का. माळावर आमची मेंढरं हायती," ती धापा टाकत म्हणाली. "माझी सून आत्ताच बाळंत झाली, बाबा. आडोसा न्हाई. लेकरू निळं पडाय लागलंय. एक घोंगडी दे."

सिदाप्पाच्या तोंडून सवयीने तेच शब्द निघाले. "माझंच भागत नाही."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. तो थरथरत होता. ओठ पांढरे पडले होते. ती रागावली नाही, तिने शिव्याशापही दिले नाहीत.

"व्हय रं बाबा, तुला तर लईच थंडी वाजतीया," ती म्हणाली. त्याच्या खांद्यावरून घोंगडीचं टोक घसरलं होतं. आपल्या गारठलेल्या हातांनी तिने ते उचललं, त्याच्या गळ्याशी नीट लपेटलं, आणि वळून ती गारांत चालू लागली.

सिदाप्पा दारातच खिळून राहिला. बायको गेल्यापासून कुणी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं नव्हतं. ज्या बाईचं नातवंड माळावर मरणाच्या दारात होतं, तिने ते केलं होतं.

"आये, थांब!" तो ओरडला.

त्याने सगळ्या घोंगड्या गोळा केल्या, डोक्यावर घेतल्या आणि तो पळत सुटला. कितीतरी दिवसांत त्याचे पाय असे पळाले नव्हते. गारा पाठीत बसत होत्या, हातांवर बसत होत्या. कोंडाक्का पुढे आणि सिदाप्पा मागे.

एका वाकड्या बाभळीखाली बाळंतीण पडली होती. तिच्यावर ओणवा होऊन तिचा नवरा गारा पाठीवर झेलत होता. सिदाप्पाने पहिली घोंगडी बाळाला गुंडाळली. दुसरी आईला. मग त्याला इतरही दिसू लागले. एक म्हातारा मेंढपाळ होता. दोन लहान मुली एकमेकींना मिठी मारून बसल्या होत्या. नुकतीच जन्मलेली कोकरं होती. तो देत गेला. मोजलं नाही, निवडलं नाही. गारा थांबताच त्याने बाळाला छातीशी धरलं आणि सगळ्यांना आपल्या घरी आणलं.

त्याने चूल पेटवली. मडक्यातले हुलगे काढून दळायला घेतले. मागाच्या खोलीत बाळंतिणीसाठी जागा केली. कोकरं मागाखाली शिरली. कुणाला पाणी दे, कुणाचं डोकं पूस, कुणाला हुलग्याच्या पिठाचं कढत माडगं वाढ, असं चालू असताना बाळाने अचानक टाहो फोडला. कोंडाक्का मटकन खाली बसली आणि रडू लागली.

बाळंतपणाची बातमी ऐकून तात्याबुवा धावत आले. बाळ पाहिलं, आई पाहिली. दोघंही सुखरूप होती. मग त्यांची नजर चुलीपाशी गेली आणि तिथेच थांबली. सिदाप्पा उघड्या अंगाने माडगं ढवळत होता. त्याच्या कपाळावर घाम होता.

"सिदाप्पा," ते हळूच म्हणाले, "तुझी थंडी?"

सिदाप्पाने चमकून स्वतःच्या दंडाला हात लावला. दंड ऊन होता. छातीला हात लावला. ती ऊन होती. त्याने घरभर पाहिलं. सातही घोंगड्या दुसऱ्यांच्या अंगावर होत्या. बाहेर ऊन पडलं होतं. गारांनी पांढराशुभ्र झालेला माळ नजर पोहोचेल तिथवर लखलखत होता.

"कधी गेली, मला कळलंच नाही," सिदाप्पा म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण तो थंडीने नव्हे.

पाच दिवसांनी मेंढपाळ पुढच्या मुक्कामाला गेले. सिदाप्पाने घोंगड्या त्यांच्याकडेच राहू दिल्या. घर पुन्हा रिकामं झालं, आणि दोन दिवसांत थंडी हळूच परत आली. सिदाप्पा घाबरला. पण या वेळी तो पांघरूण शोधत बसला नाही. उठला, आणि गारपिटीत ज्यांची कौलं फुटली होती त्यांची घरं शाकारायला गेला. संध्याकाळी परतला तेव्हा दमला होता. भूक लागली होती. दात वाजत नव्हते.

त्यानंतर त्याच्या दाराला दिवसा कधी कडी लागली नाही. थंडी अधूनमधून येई, पण फार दिवस टिकत नसे. पुढे पुढे ती यायचीच थांबली. तात्याबुवांकडे एखादा रोगी येई, ज्याची नाडी ठणठणीत आणि चेहरा उतरलेला. त्याला ते औषध देत नसत. म्हणत, "सिदाप्पाच्या घरी जा. तिथे माणसं येत-जात असतात, काम पुष्कळ असतं. जरा हात लाव."

आणि गेलेली माणसं बरी होऊन येत.

तात्पर्य: दुसऱ्याला दिलेला जिव्हाळा देणाऱ्यालाही बरं करतो, फक्त स्वतःलाच जपत बसणाऱ्याला मात्र कितीही मिळालं तरी पुरत नाही.