धाकटं शीड आणि रूळ

फार मागची गोष्ट. एका होडीवर दोन शिडं सख्ख्या भावांसारखी राहत. एके दिवशी थोरलं सकाळच्या वादळात फाटून समुद्रात गेलं. दुपारी वारा पुन्हा पिसाळला आणि होडी कलंडू लागली. होडी चालवणारा तांडेल शीड गुंडाळायची दोरी जिवाच्या आकांताने ओढत होता, पण धाकटं शीड फुगूनच राहिलं.

"अरे, माझ्याभोवती गुंडाळून घे, अर्धं तरी! तांडेल बुडेल!" शीड गुंडाळायचा रूळ ओरडला.

"भेकडा! याच वाऱ्याने माझ्या दादाला खाल्लं. मी त्याला सोडणार नाही!"

"दादालाही मी हेच सांगितलं होतं."

"मग काय म्हणाला तो?"

"म्हणाला, धाकटा बघतोय. त्याच्यासमोर अंग कसं चोरू?"

आपण बघत होतो म्हणूनच दादा फाटेपर्यंत ताठ राहिला, हे धाकट्या शिडाला कळलं. मग हुंदके देत, वेढ्यामागून वेढा, ते रुळाभोवती गुंडाळत गेलं. उरलेल्या हातभर शिडावर होडी किनाऱ्याला लागली आणि तांडेल जिवंत उतरला.