बेहड्याची ढोली

फार फार मागची गोष्ट आहे. तेव्हा डोंगरांना नावं नव्हती आणि रानाला रखवालदार नव्हता.

अशा एका डोंगराच्या उतारावर एक बेहडा उभा होता. उंच, दणकट आणि भारी तोऱ्याचा. कधीकाळी त्याची एक फांदी मोडली होती आणि त्या जखमेत मोठी ढोली तयार झाली होती. ऐसपैस, वाऱ्याच्या आडोशाची. सगळ्या उतारावर तशी ढोली दुसरी नव्हती, आणि हे बेहड्याला पक्कं ठाऊक होतं. आपल्या घराला मागणी आहे हे कळलं की मालकाचं निम्मं डोकं तिथेच फिरतं.

त्या रानात भाडं बियांचं असे. ढोलीत राहणाऱ्याने रानातून फळं आणायची, खायची आणि बिया मालकाच्या बुंध्याशी टाकायच्या. बियांची रोपं होत, रोपांची मुळं माती धरून ठेवत, आणि मालकाचा पाय उतारावर घट्ट राही. घरात भाडेकरू, म्हणून पायाखाली माती.

पण बेहड्याला स्वस्थ बसवेल तर ना. पोपट राहायला आले, तर रोज विचारी, "पिल्लं किती? काल पाहुणे कोण आले होते?" पिंगळा दिवसाचा झोपला, की आहे का गेला ते बघायला फांदी हलवी. ढोलीत पाणी ठिबकतंय म्हणून कुणी सांगितलं, तर म्हणे, "पंख दिलेत ना देवाने? झटका." आणि भाडेकरू गुणाचा निघाला, की त्याच्याकडेच जास्त बिया मागे. हा कुठे जातोय, असं त्याला वाटे.

तो जाई. एकेक करून सगळे गेले.

ढोली ओस पडली. बुंध्याशी नवी रोपं उठेनात. पावसाने माती ओढून नेली, मुळं उघडी पडली, आणि एक दिवस बेहड्याला जाणवलं की आपण उताराकडे कललोय. असंच चाललं तर आणखी थोड्या पावसाळ्यांत आपण खाली दरीत. आयुष्यात पहिल्यांदा तो घाबरला.

फाल्गुनात धनेशाचं एक जोडपं घर बघायला आलं. मोठाल्या चोचीचे, भारदस्त पक्षी. शेजारच्या किंजळीच्या झाडावर एक म्हातारी शेकरू राहत होती. तिने बसल्या जागेवरून आवाज दिला, "वहिनी, जरा जपून हं. घर सोन्यासारखं आहे, पण मालक खवीस आहे."

मादी बेहड्याकडे वळली. "दादा, ही म्हणते ते खरं का?"

खोटं म्हणून सांगावं, असं बेहड्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याची नजर आपल्या उघड्या मुळांवर गेली. "खरं आहे," तो म्हणाला.

"बरं झालं खरं बोललात. नाहीतर आम्ही निघालोच होतो. आता माझी रीत ऐका. मी एकदा आत बसले की दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते, तिच्यातून हे मला घास देतात. आत माझी पंखांची आणि शेपटीची पिसं गळतात. नवी येईपर्यंत मला उडता येत नाही. म्हणजे तुम्ही कसेही वागलात तरी मला उठून जाता येणार नाही. तेव्हा काय ते आत्ताच सांगा."

आजवर बेहड्याकडे जो आला तो उडून जायची सोय ठेवून आला होता. ही पंख उतरवून ठेवणार होती.

"या," एवढंच तो म्हणाला.

तिने दार लिंपलं. मग आत एकेक पीस गळू लागलं. पीस ते केवढंसं, पण लाकडावर पडलं की बेहड्याला थेट मुळापर्यंत कळे. एवढं मोठं झाड, पण श्वाससुद्धा बेताने घेऊ लागलं. नर उंबरं आणी, फटीतून एकेक भरवी, आणि आतून बिया बुंध्याशी पडत. कुणी मागितल्या नव्हत्या. बेहडा नुसता बघत राही.

एके दुपारी मधमाश्यांची राणी आपला लवाजमा घेऊन आली. "मालक, ही ढोली आम्हाला द्या. तुमचा सगळा मोहर फळाला नेऊ, असं भाडं तुम्हाला कुणी दिलं नसेल. एकदा जोरात गदगदा हला, भिंत कोसळेल. पुढचं आम्ही बघतो."

बेहड्याच्या मनात मोहर डोलून गेला. खोटं कशाला सांगू, मोह कुणाला सुटलाय?

"आणि तुम्हाला याहून चांगली ढोली दिसली तर?" त्याने विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू," राणी हसली.

"आत बाळंतीण आहे," बेहडा म्हणाला. "पुढे व्हा."

आतल्या पिसं झडलेल्या मादीने हे सगळं ऐकलं होतं. बेहड्याने मात्र त्याबद्दल तिला कधी सांगितलं नाही.

पिल्लं मोठी झाली, भिंत फुटली, बिऱ्हाड उडून गेलं. मग पाऊस आला आणि बेहड्याची साल वाढू लागली. जखम बुजवायची, हा तर झाडाचा धर्मच. ढोलीचं तोंड आवळायला लागलं.

"बुजू दे की आता," शेकरू म्हणाली. "सुखाने जग."

बेहड्याने साल वरच्या बाजूला तेवढी वाढू दिली. पाणी आत जाऊ नये म्हणून तिची छपरासारखी वळचण काढली. बाकीची साल मात्र त्याने आवरून धरली. ठणका लागे. तो उघडी जखम घेऊन उभा राहिला.

पुढच्या फाल्गुनात जोडपं परत आलं. मादीने चोचीने दाराचं माप घेतलं, वरची वळचण पाहिली आणि आतलं कोरडं लाकूड चाचपलं.

"दादा, दुखलं का हो?"

"या आत," बेहडा म्हणाला.

ती येत राहिली. तिच्यामागून तिच्या लेकी आल्या, नाती आल्या. बुंध्याशी उंबर उठले, जांभळी उठल्या, मुळात मुळं गुंतली. आणि एका वैशाखात ढगफुटी झाली. उतारच्या उतार खाली घसरला. कधी कुणाला थारा न देणारी, धडधाकट सालीची भलीभली झाडं दरीत गेली. सकाळी पाहावं तर मधोमध एक हिरवं बेट, आणि त्यात बेहडा उभा. ढोलीच्या दारावरच्या लिंपणाला साधी चीरही पडली नव्हती.

किंजळही गेली होती. भिजलेली शेकरू कशीबशी उड्या मारत आली आणि खाली मान घालून म्हणाली, "दादा, वर एखादी बेचकी रिकामी आहे का?"

बेहड्याने काहीच विचारलं नाही. "ये वर," एवढंच म्हणाला.

ज्या घरात भाडेकरू पंख उतरवून निर्धास्त राहतो, ते घर कधी ओस पडत नाही आणि त्याचा मालकही कधी कोसळत नाही.