कनकावतीची फौज कुठं गेली

एकदा काय झालं, दोन बहिणी भांडत होत्या. थोरली दारात उभी, धाकटी चुलीपाशी.

"सांग, माझी फौज कुठं ठेवलीस?" थोरली म्हणाली.

"तुझी फौज मी कुठं ठेवू, ताई? माझ्या घरात मिठाचं गाडगं ठेवायला जागा नाही."

"लबाड. लहानपणापासूनची लबाड."

"आणि तू लहानपणापासून माझ्या ताटात बघणारी."

थोरलीचं तोंड लालेलाल झालं. कारण ते खरं होतं, बरं का.

थोरली ही कनकावती राणी. धाकटी बकुळा. बापानं राज्य वाटलं तेव्हा कनकावतीनं आधी हात पुढे केला. सपाटीची काळी जमीन घेतली, हत्ती घेतले, फौज तर सगळीच घेतली. बकुळेला उरले डोंगर. कनकावती मनात हसली. हसली खरी, पण तिचा डोळा काही डोंगरावरून हटेना. मी नको म्हणून टाकलं, ते हिनं एवढ्या आनंदानं का घेतलं?

मग एके दिवशी कासार आला, राणीच्या हातात बांगड्या भरायला. म्हणाला, "डोंगरात यंदा लहान बांगड्याच फार खपल्या. घरोघर पोरी, आणि जी ती बकुळा."

"असं का?"

"कुणाकडे मूल झालं की धाकट्या बाईसाहेब स्वतः चालत जातात. डिंकाचे लाडू नेतात, पाळणा हलवतात. मग लोक त्यांचंच नाव ठेवतात."

"आणि आमच्या राज्यात माझ्या नावाच्या पोरी किती?"

कासार बांगड्या नीट लावत बसला. "राणीसाहेब, आपलं नाव वजनदार. लहान पोरींना पेलत नाही."

त्या दिवशी राणी जेवली नाही. तिनं सेनापतीला बोलावलं. म्हणाली, "बकुळेला धरून माझ्यापुढे उभी करा."

मग निघाली फौज. पुढे नगारा, मागे हत्ती, त्यामागे तंबू, आचारी, न्हावी, गवईसुद्धा. नगारा पार तीन डोंगरांपलीकडे ऐकू जायचा. तो ऐकला की डोंगरातली माणसं भाकरी बांधायची, गुरं सोडायची आणि रानात जायची. फौज गावात शिरली तर गाव रिकामं. लढायचं कुणाशी, चुलीशी? परतताना खिंडीत वरून गोफणीचे दगड आले. हत्ती उलटे फिरले आणि आपलेच तंबू तुडवत घरी आले.

मग दुसऱ्यांदा सेनापती घोडे घेऊन गेला. नगारा नाही, हत्ती नाही. एक डोंगर जिंकला, झेंडा लावला. पण पाठ फिरली की डोंगरवाले त्या झेंड्याच्या काठीवर धुणं वाळत घालायचे. म्हणून झेंडा राखायला माणसं ठेवली. त्या माणसांना दाणागोटा पोचवायला बैल लावले, बैल राखायला आणखी माणसं. असे सगळे डोंगर जिंकले, तेव्हा सेनापतीजवळ उरले एक आचारी आणि एक घोड्याला खरारा करणारा. जिंकता जिंकता फौज संपली की नाही?

बकुळेला मात्र त्यानं आणलं. एक नाही, तीन. एकीचे पुढचे दात पडलेले, एकीचं नाक वाहतंय, आणि एक आईच्या कडेवर. तिघींनी राणीच्या ताटातला शिरा खाल्ला. दात पडलेलीनं विचारलं, "तुझं नाव काय गं?" राणीनं सांगितलं नाही. तिघींना गाडीत घालून घरी पाठवलं, आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मग तिसऱ्यांदा राणी स्वतः निघाली, मेण्यात बसून. झेंडे राखायला ठेवलेली माणसं परत बोलावून बरोबर घेतली. डोंगरवाल्यांनी एकाच गोष्टीला हात लावला. दाण्याच्या गाड्यांचे बैल हाकलून नेले. गाड्या मागेच राहिल्या, सैनिकांचे चेहरे उतरले. तर त्या डोंगरात एक रीत होती. जेवायला बसण्याआधी दारात उभं राहून हाक मारायची, "कुणी उपाशी आहे का?" ती हाक ऐकून एक शिपाई गेला. भाला कुंपणाला टेकवला आणि आत शिरला. मग दुसरा. मग दहा. भर दुपारी मेणा वाटेत थांबला. राणीनं पडदा सारला, तर भोईसुद्धा नाहीत. कुंपणाला नुसते भाले.

अशी ती दारात आली होती, बरं का. पायात काटा, पोटात भूक. आणि समोर बकुळेची भाकरी टम्म फुगलेली. हिची भाकरीसुद्धा फुगते, असं वाटून तिचा जीव आणखीच जळला.

"माझे शिपाई तू फितवलेस."

"त्यांना भूक लागली होती, ताई."

"मी त्यांना भाले दिले, घोडे दिले."

"दिलेस. पण इथं त्यांचं राखायचं काय होतं? माझ्या माणसांचं घर इथं, शेत इथं, पोरंबाळं इथं. ती हरली तर जाणार कुठं? तुझी माणसं हरली की घरी जायची. मग ती हरायलाच टपलेली."

कनकावती उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. "मी सगळं घेतलं गं. आणि माझं नाव एकाही पोरीला नाही."

मग बकुळेनं हाताचं पीठ झाडलं आणि एकच वाक्य बोलली. त्या वाक्यानं भांडण मिटलं. फौजेनं पुन्हा डोंगराकडे तोंड केलं नाही. राणी लाडवांचा डबा घेऊन पायी हिंडायला शिकली. पुढे कासाराला सपाटीवर एक कनकावती भेटली, एवढीशी, शेंबडी, आणि नाव तिला छान पेलत होतं. सगळी सुखात राहिली.

आता पाय पांघरुणात घ्या, डोळे मिटा. कोणतं वाक्य, ते ऐका आणि झोपा. बकुळा म्हणाली, "ताई, आज पहिल्यांदा तू कुणाच्या दारी फौजेवाचून आलीस, ये, आत ये, ताट वाढलंय."