पाटीत राहिलेला फोटो

"पण माझं चुकलं कुठे, ते तरी सांगाल का?"

अभिराजने हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

शांतवनकाका खुर्चीत बसून होते. समोरच्या संगणकाचा पडदा निळा झाला होता. त्यावर पांढरी अक्षरं होती, आणि ती वाचायची गरज दोघांनाही नव्हती. गेले अठरा दिवस तीच अक्षरं येत होती.

"काका..."

"ऐकतोय."

माळावरच्या त्या धर्मादाय दवाखान्यात शांतवन साळवे एकतीस वर्षं यंत्रं सांभाळत होते. डिसेंबरात ते निवृत्त होणार होते. त्यांच्या हाताखाली शिकायला आणि पुढे त्यांची जागा घ्यायला पुण्याहून अभिराज नाईकनवरे आला होता. पोरगा हुशार होता. ते त्यालाही माहीत होतं.

पहिल्याच दिवशी सगळ्या खोल्यांतून फिरून आल्यावर तो म्हणाला होता, "काका, इथलं सगळं दहा वर्षं मागे आहे."

"आहे खरं," काका म्हणाले होते.

त्याच दुपारी काका जेवायला गेलेले असताना अभिराजने दवाखान्यातले सगळे संगणक अद्ययावत करून टाकले. एक्स-रेच्या खोलीतलाही.

एक्स-रेची पाटी जुनी होती. फोटो त्या पाटीवर उमटतो आणि तिथून संगणकात येतो. पाटीचं बोलणं संगणकाला कळावं म्हणून मध्ये एक लहानसा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. जुन्या पाटीचा ड्रायव्हरही जुना होता. अभिराजने नवा घातला.

दुसऱ्या दिवसापासून फोटो येता येता संगणक मधेच बंद पडू लागला.

काकांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, "काय बदललंस?"

"काहीच नाही."

हे खोटं आहे असं त्याला वाटलं नव्हतं. नवं आणणं म्हणजे बदलणं थोडंच. ते सुधारणं.

मग त्याने मेमरी बदलली. ती पुन्हा एकदा बदलली. वायरी बदलल्या. गावच्या विजेला दोष दिला आणि डॉक्टर रूथ उजागरे यांना वीजपुरवठ्याबद्दल दोन पानी पत्र लिहिलं. आठव्या दिवशी आंघोळ करता करता त्याला त्या ड्रायव्हरची शंका आली. पण तोवर पत्र पोचलं होतं, डॉक्टरांनी ते वाचून त्याचं कौतुकही केलं होतं.

तो गप्प राहिला.

दिवसाला पाच-सहा फोटो निघत, त्यातले एक-दोन अडकत. संगणक पुन्हा चालू केला की दुसऱ्या खेपेला फोटो येई. निभत होतं.

मग मंगळवार आला.

विहीर खोदताना दगडांनी भरलेली बादली हेलकावली आणि लहानू केदारच्या छातीवर बसली. त्याला दवाखान्यात आणलं तेव्हा तो बोलत होता. पाणी मागत होता. एक्स-रे काढला, आणि पडदा निळा झाला. संगणक पुन्हा चालू केला. पुन्हा निळा झाला. चाळीस मिनिटं गेली. शेवटी डॉक्टरांनी त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घालून नगरला धाडलं. वाटेतच, टोलनाक्याच्या अलीकडे, तो गेला.

त्या दिवसापासून एक्स-रेची खोली बंद होती. आज शुक्रवार होता. काकांनी सकाळी कुलूप काढलं, अभिराजला आत बोलावलं, संगणक चालू केला आणि तो निळा होईपर्यंत वाट पाहिली. 

"तो तसाही वाचला नसता," अभिराज म्हणाला. "सगळेच तसं म्हणतायत."

काका पडद्याकडे बघत होते.

"यंत्र आहे, काका. यंत्र बंद पडतं."

काकांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"काय बदललंस?"

  बाहेर व्हरांड्यात कुणीतरी खोकलं.

"ड्रायव्हर," तो म्हणाला. "पाटीचा... पहिल्याच दिवशी."

"हं."

"मला आठव्या दिवशी कळलं होतं."

"मला दुसऱ्या," काका म्हणाले.

अभिराज त्यांच्याकडे बघत राहिला.

"संगणकात नोंद असते. काय कधी घातलं, कधी बंद पडलं. तू जेवायला गेला होतास तेव्हा पाहिली."

"आणि बोलला नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

"अठरा दिवस?"

काका आपल्या हातांकडे बघत होते.

"माझ्या उस्तादांनी माझी अशीच वाट पाहिली होती. चार महिने. शेवटी मीच जाऊन त्यांच्या पायाशी बसलो. त्या दिवशी मी कारागीर झालो, असं मला आयुष्यभर वाटत आलं."

ते थोडं थांबले.

"ते रेडिओ दुरुस्त करायचे."

...

 मग काका उठले आणि त्यांनी खुर्ची अभिराजपुढे सरकवली.

"जुना परत घाल."

काम सात मिनिटांचं होतं. नवा ड्रायव्हर काढला, जुना परत आणला, संगणक बंद करून चालू केला. अभिराजच्या हातांना ते काम पाठ होतं. 

पडदा उजळला. निळा झाला नाही. पाटीवरचा हिरवा दिवा लागला.

आणि कुणी काही न करता पडद्यावर एक फोटो उतरू लागला.

वरून खाली, हळूहळू. आधी गळ्याची हाडं. मग खांदे. मग बरगड्या. संगणकात जाता न आलेला शेवटचा फोटो पाटीने आपल्यापाशी जपून ठेवला होता. आता वाट मोकळी झाली होती.

कोपऱ्यात नाव आलं. लहानू सखाराम केदार. वय बेचाळीस.

उजव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. त्या बाजूला फुप्फुस असायला हवं तिथे नुसता काळोख होता, आणि फुप्फुस मुठीएवढं होऊन मधोमध चिकटलं होतं.

"डॉक्टरबाईंना बोलाव," काका म्हणाले.

डॉक्टर रूथ आल्या. उभ्यानेच त्यांनी फोटो पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिला.

"छातीत हवा भरली होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं तसं. म्हटलं, फोटो येऊ दे, मग सुई घालून ती काढू..."

"सुई घातली असती तर?" अभिराजने विचारलं.

"दोन मिनिटांचं काम असतं ते."

त्या निघून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज वॉर्डाच्या टोकापर्यंत ऐकू आला.

व्हरांड्यातून पुन्हा खोकला ऐकू आला. अभिराजने दारातून पाहिलं. भिंतीला टेकून एक बाई बसली होती. कपाळ मोकळं होतं. मांडीवर कापडी पिशवी होती. ती लहानूची बायको, ताराबाई. मृत्यूच्या दाखल्यासाठी लागणारे कागद न्यायला सकाळपासून येऊन बसली होती.

"मी सांगतो तिला," अभिराज म्हणाला.

"तुझं तू सांग," काका म्हणाले. "माझं मी सांगेन."

तो बाहेर गेला. तिच्यासमोर उभा राहिला. काय म्हणायचं ते त्याने दारापासून तिथपर्यंत ठरवलं होतं, पण ते सगळं निघून गेलं.

"त्या दिवशी फोटो आला नाही," तो म्हणाला. "वेळेवर आला असता तर कदाचित... तो आला नाही, कारण ड्रायव्हर चुकीचा होता."

ताराबाईने मान वर केली.

"डायवर?"

"हो."

"त्या गाडीच्या डायवरची चूक व्हती व्हय?" ती सावकाश म्हणाली. "पर तो तर लई जोरात घेऊन गेला. रडत व्हता बिचारा. मला म्हनला, मावशे, धीर धर."



एक शब्दही न बोलता परत फिरता आलं असतं. बाईने स्वतःच समजूत करून घेतली होती. तो नुसता गप्प राहिला असता तरी पुरलं असतं. गप्प राहणं त्याला जमत होतं.

"नाही," तो म्हणाला.  "गाडीवाल्याचं काही चुकलं नाही. फोटोच्या मशीनमध्ये मी एक चुकीची गोष्ट घातली होती. ती चुकीची आहे हे मला आठ दिवस आधी कळलं होतं. मी ती काढली नाही."

"का वं?"



ताराबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मग आता निघाला का फोटू?" तिने विचारलं.

"निघालाय."

"दे मग. पोरी इचारत्यात, काय झालं व्हतं म्हनून."

तो आत आला. फोटो छापायला त्याला दोन खेपा लागल्या, कारण पहिल्या खेपेला त्याने फिल्म उलटी घातली. यंत्रातून फिल्म बाहेर येईपर्यंत तो खिडकीशी उभा होता. तिथून व्हरांडा दिसत होता.

काका बाहेर गेले होते. चपला बाजूला काढून ते ताराबाईसमोर खाली फरशीवर बसले होते. त्यांचे गुडघे दुखत, एरवी ते कधी खाली बसत नसत. ते काहीतरी बोलत होते. चार-पाच वाक्यं असतील. काचेतून आवाज येत नव्हता. ताराबाई आधी त्यांच्याकडे बघत होती, मग तिने नजर काढून माळाकडे लावली.

फिल्म आली. अभिराजने ती पाकिटात घातली आणि बाहेर नेली. ताराबाईने पाकीट घेतलं, उघडलं नाही. पिशवीत मावेना म्हणून काखेत धरलं. ती उठली, पदर सारखा केला.

"देवानं नेला म्हनून मन आवरलं व्हतं," ती म्हणाली. दोघांपैकी कुणाकडेच ती बघत नव्हती. "तेच बरं व्हतं, बाबा."

पायऱ्या उतरून ती फाटकाकडे चालू लागली. माळावर सावली नव्हती. एसटीचा थांबा लांब होता. ती बरीच दूर जाईपर्यंत दोघं तिच्या पाठीकडे बघत होते.

काकांना उठता येईना. अभिराजने हात दिला. तो धरून ते उभे राहिले, आणि उभे राहिल्यावरही त्यांनी हात सोडला नाही.

"काय सांगितलंत तिला?" अभिराजने विचारलं.

"तिचा माणूस माझ्यामुळे गेला, असं."

"तुमच्यामुळे?" अभिराजचा आवाज फाटला. "काका, जे केलं ते मी केलं. तुम्ही तर काहीच केलं नाही."

काकांनी पायाने चाचपत चपला शोधल्या.

"तेच सांगितलं तिला."