राजाला न दिसलेलं पिल्लू

एका राज्यात डुकरं पाळणारी शेकडो घरं होती आणि डुकरांना पेज घालायची, सर्वांच्या मालकीची सोन्याची एक डोण होती. तिच्यातली पेज कधी सरत नसे. पण कर्कटक नावाच्या मांत्रिकाने राजाच्या आणि शिपायांच्या डोळ्यांत असं अंजन घातलं, की त्यांना फक्त त्याचाच थोरला कळप दिसावा. लहान पाळणारे दिसेनात, त्यांची डुकरंही दिसेनात. मग काय, डोण गेली मांत्रिकाच्या आवारात. वर फर्मान निघालं, की ज्या डुकरांचा मालक दिसत नाही ती बेवारस. पौर्णिमेला ती मांत्रिकानेच शोधून आपल्या कळपात घालावीत. आता राजालाच दिसेना, तर दाद मागायची कुणाकडे?

लहान पाळणाऱ्यांतल्या चिमाईपाशी ढमाली नावाची एकच डुकरीण उरली होती, तीही गाभण. ती जाणार म्हणून चिमाईच्या घशाखाली घास उतरेना. तेव्हा छपरावरची साळुंकी बोलली, "बाई, ओस पडलेल्या खोपटाची माती, सोन्याच्या डोणीतली पेज आणि नव्या व्यालेल्या डुकरिणीचा चीक आण. तिन्हींचा लेप राजाच्या डोळ्यांना लाव."

कितीतरी पाळणारे घरं सोडून गेले होते, त्यामुळे माती दारोदार मिळाली. ती उचलताना चिमाईला रडू आलं. पेजेसाठी ती मांत्रिकाच्या फाटकातून सरळ आत शिरली. पहारेकऱ्यांना ती दिसतच नव्हती ना!

चीक मात्र अवघड. पौर्णिमेच्या सकाळी ढमाली व्याली. थोरली पिल्लं अशी धसमुसळी, की शेवटच्या इवल्याशा पिल्लाला आचळ मिळेना. त्यात चीक काढावा, तर ते पिल्लू जगायचं नाही. चिमाईने पोट भरलेली थोरली पिल्लं टोपलीखाली झाकली. धाकटं पोटभर प्यालं, वर वाटीभर चीक निघाला.

तिन्हींचा लेप कालवून, धाकटं पिल्लू कुशीत घेऊन ती दरबारात गेली. राजाला ती दिसेना. तिने खुशाल लेप लावला. राजाने डोळे चोळले. समोर चिमाई, कुशीत पिल्लू.

"हे काय?"

"डुक्कर, महाराज. आपल्याच राज्यातलं."

"इतकं लहान जगलं कसं?"

"थोरल्यांना जरा वेळ टोपलीखाली ठेवलं."

"त्यांचे हाल झाले?"

"नाही. याचं पोट भरल्यावर सोडलं. आता सगळी एकत्र पितात."

राजाला अंजनाची करणी उमगली आणि तो खजील झाला. त्याने फर्मान फाडलं, शिपायांच्या डोळ्यांनाही तोच लेप लावला आणि डोण चव्हाट्यावर आणवली. पेजेला लहान कळप आधी, थोरले मागून. डोण सर्वांना खुली. मांत्रिकाची विद्या आटली, पण त्याची डुकरं कुणी हिसकावली नाहीत. तोही तोंड वाकडं करून रांगेत शेवटी उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी चिमाई ढमालीला घेऊन डोणीपाशी आली. पहारेकऱ्याने मान वर केली, तिच्याकडे नीट पाहिलं.

"या चिमाबाई," तो म्हणाला, "आधी तुम्ही."

ढमालीला डोणीपाशी सोडून चिमाई सुटकेने पोटभर रडली. ढमालीच्या पोटाला मिळालं, तसं राज्यातल्या सगळ्यांच्या पोटाला मिळालं.