शर्वरीचा पाय आणि तात्यांचे मौन

एकदा एका डोंगराळ गावात वनस्पतिशास्त्राचे एक वृद्ध आचार्य राहत असत. सारे त्यांना तात्या म्हणत. कॉलेजातून निवृत्त झाले तरी त्यांच्या ओसरीवर शिष्यांची वर्दळ असे. त्यांत शर्वरी विशेष लाडकी. सव्वीस वर्षांची ही मुलगी पाठीवर पिशवी टाकून दूरची पठारे तुडवी आणि दुर्मीळ रोपांचे बी गोळा करून आणी.

एका हिवाळ्यात तिचा उजवा घोटा दुखू लागला. मुरगळला असेल म्हणून तिने पट्टी बांधली; पण तपासण्या झाल्या तेव्हा घोट्याच्या वरच्या हाडात कर्करोग निघाला. औषधांचे पहिले सत्र संपल्यावर शहरातल्या डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सांगितले, "दोन मार्ग आहेत. रोगट हाड काढून तिथे दुसरं बसवता येईल. पाय तुझाच राहील, पण घोटा वळणार नाही, हाड जुळायला वर्ष-दोन वर्षं लागतील, पुन्हा शस्त्रक्रियाही करावी लागू शकते. नाहीतर गुडघ्याखाली पाय काढायचा आणि कृत्रिम पाय लावायचा. तुझ्या बाबतीत जगण्याची आशा दोन्हींत सारखीच आहे. आठवड्याभरात ठरव."

आई म्हणाली, "पाय कापायचं नाव काढू नकोस." भाऊ म्हणाला, "एकदाच काय ते होऊन जाऊ दे." मावशीने हलक्या आवाजात लग्नाचा विषय काढला. तीन दिवस शर्वरीला धड घास गेला नाही. चौथ्या दिवशी ती कुबड्या घेऊन रिक्षाने तात्यांकडे आली.

"तात्या, तुम्ही सांगाल ते मी करीन."

तात्यांनी उत्तर दिले नाही. तिला बाजेवर पाय पसरून बसवले, आतून घोंगडी आणली आणि तिच्या दोन्ही पायांवर कमरेपर्यंत पांघरली. ऊन चांगले वर आले होते. शर्वरी चक्रावली.

"मला थंडी वाजत नाहीये, तात्या."

"असू दे. पुढच्या वर्षी काय काय करायचं मनात आहे, ते सांग."

आधी ती अडखळली. मग म्हणाली, पलीकडच्या पठारावर पांढऱ्या फुलांची एक वेल आहे, तिचं बी अजून कुणाला मिळालेलं नाही. वाडीतल्या मुलींना बरोबर नेऊन रोपं ओळखायला शिकवायचंय. बोलता बोलता तिचे हात हलू लागले. "आणि त्या इस्पितळातून लवकर बाहेर पडायचंय," ती म्हणाली, आणि एकाएकी थांबली. तिचे डोळे भरून आले. तात्यांनी तिला रडू दिले.

मग ते म्हणाले, "पोरी, गेले काही दिवस जो तो तुझ्या पायाकडे पाहून बोलत होता. त्यामुळे तुलाही पायापलीकडचं दिसेना. म्हणून घटकाभर तो झाकला. पाय राखणं चूक नाही, काढणंही चूक नाही. एका जागी बसून काम करणारी एखादी असती, तर तिच्या तोंडून निराळं निघालं असतं, आणि तिचा निर्णयही योग्यच ठरला असता. तुला जगायचंय कसं, ते तू आत्ता सांगितलंस. हेच डॉक्टरांना सांग आणि कोणत्या वाटेनं यातलं काय जमेल ते विचार."

शर्वरीने विचारले. डॉक्टरबाई म्हणाल्या, हमी कशाचीच देता येत नाही. पण खडकाळ वाटा चालायच्या असतील तर तुला कृत्रिम पाय अधिक साथ देईल. तिने तेच ठरवले. शस्त्रक्रियेच्या सकाळी आई त्या पावलावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. शर्वरीने तिला थांबवले नाही.

पुढचे दिवस सोपे नव्हते. नसलेली बोटे दुखत. नव्या पायाने कातडी सोलवटे. कधी कधी तिला आपल्या निर्णयाचा पश्चात्तापही होई. पण दीड वर्षाने ती वाडीतल्या चार मुलींना घेऊन पठारावर पोहोचली. तात्याही हट्टाने बरोबर आले होते. मुली वेल शोधायला पांगल्या आणि ही दोघे एका कातळावर टेकली.

"तात्या, त्या दिवशी तुम्हाला स्वतःला काय वाटत होतं?"

तात्यांनी दूर पांगलेल्या मुलींकडे पाहिले.

"पाय राहावा असं," ते म्हणाले. "फार वाटत होतं. म्हणून तर तोंड मिटून बसलो."

शर्वरी आधी उठली, तोल सावरला आणि त्यांना उठवायला हात पुढे केला.